क्रोधाला जागा

रेडिओनं डोळे तपासायचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता म्हणून दाखवला, आणि तिथंच तो सापडला. कारण तक्ता बदललेला होता. कडा पिवळ्या पडलेला जुना तक्ता काढून तिनं स्वतःच्या हातानं भिंतीवर नवा लावला होता, आणि नव्याची सुरुवात ‘ल’नं होत होती. रेडिओ मात्र खुर्चीत ताठ बसून, डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी धरून, आपल्या त्या भरदार, इस्त्री केलेल्या आवाजात म्हणत होता, “र. मग ग, म. मग प, ट, न.” तिनं हातातली पट्टी मुद्दाम एक ओळ सोडून खालच्या ओळीवर टेकवली. तरी त्याची गाडी आपल्या रुळांवरून चाललीच होती. उजव्या डोळ्याची पाळी आली तेव्हाही तेच, फक्त थोडं जास्त तोऱ्यात. तिनं पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, “छान. आता आत डॉक्टरांकडे बसा.” रेडिओ उठला, दाराची चौकट हातानं चाचपून बाहेर पडला. चाचपणं लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून चौकटीवर बोटांनी टकटक केल्यासारखं केलं त्यानं. अभिनय बरा होता. पण ती त्या दवाखान्यात दृष्टी तपासायचंच काम करत होती, आणि माणसं काय काय लपवतात ते तिला तोंडपाठ झालं होतं.

रेडिओ हे काही त्याचं नाव नव्हे. आयुष्यभर तो रेडिओवर बातम्या वाचायचा. दुकानात “अर्धा किलो साखर” म्हणाला तरी रांगेतली चार माणसं वळून बघायची, आणि ती वळावीत म्हणूनच तो तसं म्हणायचा. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, त्याला सगळे ‘ब्रदर’ म्हणत, जसं हिला ‘सिस्टर’. रेडिओ हे नाव ठेवलं होतं तिच्या नवऱ्यानं, रविवारी घरी परतताना, तेव्हा तो अजून मंडळीत यायचा आणि अजून हसायचा. आज त्या नावाचा मालक तिच्या खुर्चीत बसून खोटं वाचून गेला होता. जाताना कानाशी वाकून म्हणालाही होता, “सिस्टर, हे आपल्या मंडळीत...” त्याचं कानाशी बोलणंसुद्धा बाहेर बाकावरच्या दोघांना ऐकू गेलं. “नाही हो ब्रदर,” ती म्हणाली, “इथलं बाहेर जात नाही.” मग दुपारी डॉक्टरांनी तिला बोलावलं. “मधलं गेलंय त्यांचं. दोन्ही डोळ्यांचं. कडेनं माणूस येताना दिसेल, खुर्ची दिसेल, पण समोरचं अक्षर म्हणाल तर नाही. चष्म्यानं काही व्हायचं नाही आता. आणि तुम्ही काय लिहिलंय हे, सगळ्या ओळी म्हटल्या?” “म्हटल्याच, सर. पाठ होत्या.” डॉक्टर हसले. तीही हसली. नंतर काम आवरताना, झाकण्या धुऊन फडक्यावर ओळीनं वाळत ठेवताना, तिला उगाचच हलकं हलकं वाटत होतं, आणि एका म्हाताऱ्याचे डोळे गेले म्हणून आपल्याला बरं का वाटावं हे तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. उत्तर तिला ठाऊक होतं.

लोक त्यांच्या मंडळीला मॉर्मन म्हणत; ख्रिस्तीच, पण एक वेगळा पंथ. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईची तर अशी समजूत होती की चहा-कॉफी सोडलेल्यांचा हा काहीतरी क्लब आहे, आणि ती दर भेटीत विचारायची, “सुटली का हो सवय?” मंडळीची जागा टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. घडीच्या खुर्च्या, पांढरे शर्ट, आणि प्रभुभोजनाच्या ब्रेड-पाण्याच्या ट्रेमधून वर येणारा खालच्या रबराचा वास. पगारी पाद्री त्यांच्यात नसतोच. जो तो आपापला धंदा सांभाळून देवाचं काम करतो. मंडळीचे अध्यक्ष औषधाचं दुकान चालवायचे आणि प्रवचनातसुद्धा “दिवसातून दोनदा, जेवणानंतर” अशा थाटात प्रार्थना करायला सांगायचे. रविवारचा शास्त्राचा वर्ग मात्र वर्षानुवर्षं रेडिओकडे होता. दुसरा कोण घेणार? जुन्या भाषांतरातली ती लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेली वाक्यं तो अशी म्हणायचा की अर्थ कळला नाही तरी माणसाची मान आपोआप खाली जायची. तिचीही जायची. नवऱ्याचीही गेली असती, पण तो पडला नकाशे काढणारा. एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात दिवसभर भिंती, दारं, जिने काढायचा, आणि समजल्याशिवाय रेघ मारायची नाही ही त्याची खोड होती.

त्या रविवारी काय झालं ते तिला इतक्या वेळा आठवून झालं होतं की आता ते आठवणं राहिलं नव्हतं, नुसतं जाऊन बसणं होतं, एखाद्या ओळखीच्या ओट्यावर बसावं तसं. बायबलातल्या एका प्रेषिताच्या पत्रातला सूडाबद्दलचा भाग होता. वाचायची पाळी नवऱ्याची होती. तो शिकला होता दुसऱ्याच भाषेत, घरचं मराठी फर्डं बोलायचा, पण असं पोथीतलं मराठी त्याच्या जिभेवर बसत नसे. दोनदा अडखळला. रेडिओनं दोन्ही वेळा मधूनच उच्चार दुरुस्त केला, डोळे मिटून, बातम्या वाचायला शिकवतात तसा. मग ती ओळ आली, ‘क्रोधाला जागा द्या’ अशी, आणि रेडिओनं विचारलं, “काय बोध घ्याल यातून, ब्रदर?” नवऱ्यानं पुस्तक मांडीवर ठेवून हात मोकळा केला. मग त्याला जे येत होतं ते त्यानं सांगितलं. म्हणाला, “नकाशात आम्ही दार काढतो ना, तेव्हा ते उघडायला जागा सोडतो. पाव वर्तुळ काढतो तिथं. तेवढ्यात खुर्ची ठेवायची नाही, आपण उभं राहायचं नाही. तसंच असेल हे. रागाचं दार उघडणार असेल तर उघडू दे. आपण त्याच्या आड उभं राहायचं नाही.” पुढच्या रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं. मग आणखी कुणीतरी. आणि रेडिओ, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा एक लहानसा श्वास घेऊन म्हणाला, “ब्रदर, हा नकाशा नाही. शास्त्र आहे. बायबलात दारं-खिडक्या बसवण्याआधी माणसानं थोडं मराठी शिकून घ्यावं.” आता मात्र सगळे हसले. तीसुद्धा हसली होती. किंचित. दुसऱ्यांच्या हसण्यात आपोआप ओढली जाऊन. नवऱ्यानं पाहण्याआधी ते ओठांवरून पुसायला तिला वेळ मिळाला नाही.

पुढच्या रविवारी नळ गळत होता. त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसचं काम होतं. मग त्यानं कारणं देणंही सोडलं, तिला दारापर्यंत सोडायचा आणि टायरच्या दुकानाच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायचा, जुने टायर, जॅक आणि आपण. “वर चला ना,” ती म्हणायची. “तू जा गं. मी इथं नीट ऐकतो, रेडिओ लागलाय ना वर.” काही दिवस तो अशी थट्टा करत राहिला, मग थट्टाही संपली. दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला होता, एकाच टाकीत, तो वर येताना नाकात पाणी जाऊन खोकला होता. ठरलं होतं की मंदिरात जायचं. त्यांच्यातली मंदिरं दूर दूर असतात, विमानानं जावं लागतं, आणि तिथं नवरा-बायको एकमेकांना मरणानंतरसुद्धा बांधले जातात, कायमचे. तिनं पांढरा पोशाख शिवायलाही टाकला होता. नवरा पुढे ढकलत राहिला. एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, “तिथं पण वाचायला लावतात का?” तिनं हसून सोडून दिलं. हे दुसरं हसणं. त्यानंतरच्या थंडीत तो ऑफिसातच, नकाशाच्या टेबलावर डोकं ठेवून गेला, आणि कबरीवर प्रार्थना कुणी केली, तर रेडिओनं. काय आवाज लागला होता त्याचा त्या दिवशी. लोक नंतर तिला म्हणाले, किती सुंदर झालं.

मेलेल्या माणसासाठीही ते बंधन करता येतं, अध्यक्षांनी तिला समजावलं होतं. त्याच्या जागी दुसरा कुणी उभा राहतो. पण पलीकडे त्याला विचारतात. हो म्हणायचं की नाही ते त्याच्यावर. जबरदस्ती नाही. अध्यक्षांनी हे दिलासा म्हणून सांगितलं होतं. तो नाही म्हणाला तर? तो तिकडे कुठल्या तरी कट्ट्यावर बसलेला असेल, कुणीतरी पांढऱ्या कपड्यातला येईल, विचारेल, आणि हा मान वर करून विचारेल, तिथं रेडिओ असणार का? माझ्यावर हसणारी ती असणार का? म्हणून ती गेलीच नव्हती मंदिरात. आधी इथला हिशेब मिटू दे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर, त्या माणसाला एकदा तरी अडखळताना सगळ्यांनी बघायला हवं. मग ती नवऱ्याला सांगू शकली असती, या आता, काही हरकत नाही. आणि त्यात काही पाप आहे असं तिला वाटतही नव्हतं, कारण शास्त्रातच लिहिलं होतं, क्रोधाला जागा द्या. नवऱ्याचं दाराचं म्हणणं तेव्हा तिलाही भाबडंच वाटलं होतं. तिचा अर्थ सरळ होता. राग आलाय ना, मग त्याला नीट ठेव, जप, उपाशी मारू नकोस. तिनं त्याला जागा दिली होती. पलंगाची नवऱ्याकडची बाजू दिली, संध्याकाळ दिली, बसमधली खिडकी दिली. घरात आणखी कुणी नव्हतंच, तो ऐसपैस राहिला.

अशात, त्या तपासणीनंतरच्या एका रविवारी अध्यक्षांनी मुख्य कार्यालयाकडची सूचना वाचून दाखवली. वर्गात आणि घरी जुन्या भाषांतराबरोबर नवी, सोपी भाषांतरंही वापरायला हरकत नाही. त्यांच्या लोकांना ही गोष्ट साधी नव्हती. त्यांचा स्वतःचा जो वेगळा ग्रंथ, त्याची भाषासुद्धा जुन्या भाषांतराच्या वळणावर गेलेली. एकाचा सूर बदलला की दुसरा परका वाटायला लागणार. तसं ते मानतही होते की बायबल देवाचं खरं, पण जिथवर भाषांतर करणाऱ्यांचा हात चुकला नाही तिथवरच. मानणं वेगळं आणि हातातलं पुस्तक बदलणं वेगळं. रेडिओ उठून उभा राहिला. “सूचना आहे, सक्ती नाही,” तो म्हणाला. “शास्त्र कानाला शास्त्र वाटलं पाहिजे. भाजीवाल्याशी बोलतो त्या भाषेत आपण देवाचं वाचणार का?” मागून पार्लरवाली म्हणाली, “मी तर भाजीवाल्याशी आणि देवाशी एकाच तोंडानं बोलते, ब्रदर. दुसरं तोंड आणू कुठून?” ही पोरगी नवीनच आलेली, ब्युटी पार्लरमध्ये काम करायची, आणि जुनं भाषांतर वाचताना दर ओळीला शेजारणीला कोपरानं ढोसून अर्थ विचारायची. लोक हसले. रेडिओ हसला नाही. त्याचा हात मांडीवरच्या पुस्तकावर होता, आणि तिला दिसलं की पुस्तक उघडं आहे, पण पान कुठलं तरी भलतंच आहे, मघाशी वाचलेल्या भागाच्या कितीतरी पुढचं. मघाशी त्यानं मोठ्यानं अख्खा उतारा वाचला होता. वाचला नव्हता. म्हटला होता. कधीपासून हा असाच म्हणतोय कोण जाणे. त्याचा भाषेसाठी जीव तुटत होता होय, इथं बिचाऱ्याचा तक्ता बदलायला निघाले होते.

तिला इतका आनंद झाला की तिनं दोन्ही हात खुर्चीखाली धरून ठेवले. मग सगळं आपोआप जुळून येत गेलं, तिला काही करावंच लागलं नाही. रेडिओनं वयाचं कारण सांगून वर्ग सोडला. अध्यक्षांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, “सिस्टर, एक जबाबदारी द्यायची आहे. वर्ग घ्याल का? सोप्या भाषांतरातून घेऊ या, नव्या लोकांना बरं पडेल. प्रार्थना करून सांगा.” ती म्हणाली, “प्रार्थना झाली, घेते.” ते जरा दचकले, पण खूश झाले. आणि खरंच तिनं वर्ग चांगला घेतला, उगाच कशाला कमी सांगा. जी माणसं वर्षानुवर्षं खुर्चीत झोपायची ती बोलायला लागली. पार्लरवालीनं तर एकदा अख्खा अध्याय वाचून पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “अगंबाई, हा माणूस चक्क चिडलेला आहे की पत्र लिहिताना. जुन्यात कळलंच नव्हतं.” एक गवंडी, ज्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं, तो दोन ओळी वाचून लहान मुलासारखा लाजला आणि पुढच्या रविवारी बायकोला घेऊन आला. रेडिओ पुढच्या रांगेत बायकोशेजारी बसून राहायचा. वाचायला त्याला तिनं सांगितलं नाही. घाई नव्हती. वर्गाचा क्रम ठरलेला होता, आणि ते पत्र, तो अध्याय, हळूहळू जवळ येत होता.

तो पाठ तयार करायला बसली तेव्हा उन्हं अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. तिला ओळ पाठच होती, नव्यात ती कशी आहे एवढं बघायचं होतं. पुस्तक उघडलं. सूड घ्यायला तुम्ही जाऊ नका, असं साधं सुरू होत होतं ते; बाजूला व्हा; न्याय करणं देवाचं काम आहे, त्याच्या रागाला वाट मोकळी ठेवा. एवढंच. खाली बारीक अक्षरात टीपसुद्धा होती, मुळातला अर्थ जागा मोकळी करून देणं. तिनं ओळ पुन्हा वाचली. बाजूला व्हा. आपण त्याच्या आड उभं राहायचं नाही. तिला नवऱ्याचा हात दिसला, हवेत पाव वर्तुळ काढणारा, करंगळीला शाई लागलेला. म्हणजे बरोबर होता तो. अंदाजानं असेल, घाबरून सुचेल ते बोलला असेल, पण त्या खोलीत त्या दिवशी एकट्या त्यालाच अर्थ लागला होता, आणि त्यालाच सांगितलं होतं मराठी शिक म्हणून. आणि ती हसली होती. तिला वाटलं आता रडू येईल. रडू आलं नाही, जे आलं ते इतकं गरम होतं की तिनं उठून नळाखाली मनगटं धरली. दुसरीही गोष्ट तिला कळली होती, ती काही मूर्ख नव्हती. राग देवाचा आहे, असं पुस्तक म्हणत होतं, तुझा नाही. तुझ्यासाठी तिथं जागाबिगा काही नाही. इतकी वर्षं तू भलत्याच भाडेकरूला घरात ठेवलंस. सोप्या भाषेचं हेच वाईट. जुन्यात कसं, माणसाला हवं ते काढून घेता यायचं. तिनं हात पुसले आणि पुस्तक मिटलं. देवाला पुष्कळ कामं आहेत, तिनं मनाशी म्हटलं, त्यातलं एवढं एक आपण उरकलं तर त्याचं काय बिघडणार आहे.

त्या रविवारी जिन्यातच रेडिओच्या बायकोनं तिला गाठलं. बारीक चणीची बाई, कायम नवऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे चालायची, आणि तो किती रुबाबात मागून येतो असं लोकांना वाटायचं. “सिस्टर, आज ह्यांना वाचायबिचायला सांगू नका हं,” ती म्हणाली. “घसा धरलाय जरा.” मग तिचा हात धरला. तिचे डोळे भरलेले होते, आणि घशाबद्दल कुणाचे डोळे असे भरत नाहीत. “तुम्हाला तर माहीतच आहे. तेवढं सांभाळून घ्या. घरी तासन्‌तास बसतात हो, मी वाचते आणि ते पाठ करतात. नवीन पुस्तकाचं त्यांना जमत नाहीये. म्हणतात, जुनंच डोक्यात येतं.” दुसरी एखादी असती तर विरघळली असती. हिनंही त्या हातावर आपला हात ठेवला. “काळजी करू नका,” ती म्हणाली. शब्दाला ती पक्की होती. दवाखान्यातलं एक अक्षर तिनं बाहेर काढलं नव्हतं, आजही काढणार नव्हती. वर्गात वाचायला सांगणं म्हणजे काही कुणाचं गुपित फोडणं नव्हे.

वर्ग भरला. खाली दुकानात कुणीतरी टायरात हवा भरत होतं, त्या यंत्राची धडधड जमिनीतून पायात येत होती. पहिल्या ओळी गवंड्यानं वाचल्या. मग त्याच्या बायकोनं. मग ती म्हणाली, “पुढचं ब्रदर वाचतील,” आणि आपलं पुस्तक तिथंच उघडं करून, दोन पावलं पुढे जाऊन रेडिओच्या हातात दिलं. त्याच्या बायकोनं तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिनं सरळ घेतली, चुकवली नाही. रेडिओ उभा राहिला. कोटाचं बटण लावलं. पुस्तक योग्य अंतरावर धरलं, मान किंचित तिरकी केली, आणि त्याचा तो आवाज लागला. जुनाच. प्रियजनहो पासून सुरू झालेला, जोडाक्षरं एकेक वेगळी वाजवणारा, क्रोधाला जागा द्या पर्यंत आलेला. सुंदरच म्हणत होता. सगळ्यांची बोटं आपापल्या पुस्तकावर फिरत होती आणि थांबत होती, पुढेमागे होत होती. पार्लरवालीनं पान उलटून पाहिलं, पुन्हा उलटलं. “ब्रदर, माझ्यात असं नाहीये,” ती म्हणाली. काही वाईट हेतूनं नव्हे. “तुमच्याकडे कुठलं पान आहे?” रेडिओ थांबला. “हो,” तो म्हणाला, “सवयीनं जुनं आलं तोंडात.” आणि पुन्हा पुस्तक वर धरलं.

आता खोलीत नुसती खालची धडधड होती. तो डोळे कडेला नेऊन बघत होता, अक्षराच्या बाजूनं, कोपऱ्यातून, जिथून अशा रुग्णांना थोडं दिसतं तिथून. तिला ते तंत्र माहीत होतं, दवाखान्यात तीच शिकवायची लोकांना. त्याचं बोट पानावर उतरलं ते समासात. तिथं काही छापलेलं नव्हतं. तो बोट हळूहळू आत आणू लागला. एवढं एक वाक्य जरी ती म्हणाली असती तरी पुरे होतं, “राहू द्या ब्रदर, घसा बसलाय तुमचा,” आणि सगळं मिटलं असतं, ते वाक्य तिच्या जिभेवर तयारही होतं. तिनं ते गिळलं. इतक्या वर्षांत तिला इतकं स्पष्ट कधीच दिसलं नव्हतं: त्याच्या कानामागचा घाम, कोटाच्या बाहीचा निघालेला दोरा, मांडीवर आवळलेली त्याच्या बायकोची मूठ. पुढच्या रांगेतलं कुणीतरी आपल्या बुटांकडे बघायला लागलं. आणि ती, शांतपणे, अगदी गोड आवाजात म्हणाली, “वाचा की. सोपं मराठी आहे.”

रेडिओनं पुस्तक मिटलं. “मला दिसत नाही,” तो म्हणाला. त्या आवाजाला त्यानं काही केलं नव्हतं, इस्त्री नाही, काही नाही, आणि म्हणून तो कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटला. “बरेच दिवस झाले. सिस्टरना माहीत आहे. त्यांनीच तपासलं.” त्याला तिच्यावर काही ढकलायचं नव्हतं बहुतेक. माहिती द्यावी तशी दिली. बायको उठली, पुस्तक त्याच्या हातून घेऊन खुर्चीवर ठेवलं, आणि दोघं निघाली. ती अर्धं पाऊल पुढे, तो मागे. दाराशी त्याचा पाय एका खुर्चीला लागला आणि ती घडी मिटून आडवी पडली. कुणी उचलायला गेलं नाही. जिन्यावरून त्यांची पावलं बराच वेळ उतरत राहिली, त्या माणसाला पायऱ्या मोजून उतराव्या लागत होत्या. ते आता इथं परत यायचे नाहीत, हे तिला लगेच कळलं. हे असं कळायला तिच्याइतकी तयारी त्या खोलीत कुणाचीच नव्हती.

“तुम्हाला माहीत होतं, सिस्टर?” पार्लरवालीनं विचारलं.

“हो.”

तिला बरं वाटत होतं. तिनं ते तपासून पाहिलं, आत हात घालून पाहावं तसं, आणि होतं, बरंच वाटत होतं, छातीवरचा धोंडा उतरल्याचं म्हणतात ते हेच. आता दुसरी गोष्ट राहिली होती, जी तिनं जपून शेवटी ठेवली होती. तिनं खुर्चीवरचं पुस्तक उचललं आणि ती ओळ स्वतः वाचली, सावकाश. बाजूला व्हा, इथं ती थांबली आणि वर्गाकडे बघून म्हणाली, “हा अर्थ या खोलीत आधी एकानं सांगितला होता. आमच्या मिस्टरांनी. दाराचं उदाहरण देऊन. दार उघडणार असेल तर आपण आड उभं राहायचं नाही, असं. तेव्हा सगळे हसले होते.” समोरचे बहुतेक जण नंतर आलेले. त्यांनी तिच्या मिस्टरांना कधी पाहिलंच नव्हतं. जे तेव्हा हसले होते त्यांच्यातले दोघं-तिघं मागे बसलेले, त्यांनी इतकं लक्ष देऊन ऐकल्यासारखं केलं की त्यांना काही आठवत नाही हे तिला समजलं. तिला वाटलं होतं, हे बोलताच कुठंतरी काहीतरी हलेल. नवरा त्या कट्ट्यावरून उठेल, पँट झटकेल. पण तिला त्याचा चेहराच समोर आणता येईना. तो दारातून बाहेर जाणाऱ्या त्या दोघांच्या मागून, खाली पडलेल्या खुर्चीवरून पाय टाकून, निघून गेल्यासारखा. आणि तो कुणाबरोबर गेला असता हे काही तिला स्वतःला सांगावं लागलं नाही.

“बरं,” ती म्हणाली. आवाज स्थिर होता. पुढची ओळ शत्रूला भूक लागली तर त्याला जेवू घाला अशी होती. “पुढची ओळ कोण वाचतं?”

तिनं गवंड्याकडे पाहिलं. त्यानं लगबगीनं पान उलटलं. त्याच्या बायकोनं पदराशी काहीतरी शोधायला घेतलं. पार्लरवाली, जिला गप्प बसवायला एरवी तिघं लागायचे, ती पुस्तक अगदी नाकाशी धरून बसली होती. “वाचा ना कुणीतरी,” ती पुन्हा म्हणाली, या वेळी जवळजवळ विनवत. सगळ्यांच्या मांडीवर पुस्तकं उघडी होती, ओळ समोर होती, त्यात एकही अवघड शब्द नव्हता, आणि वाचायला कुणीही मान वर करत नव्हतं.